दुपारच्या फोनवर मी कॉलेजात होतो

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. माझं वय एकवीस, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मला झालेला आजार काही जगावेगळा नाही. आमच्या कळमनुरी तालुक्यातच तो किती जणांना होऊन गेला असेल. ते गोळ्या खाऊन, एक अक्षर न लिहिता, पुन्हा कामाला लागले. मग मीच काय म्हणून कागद घेऊन बसावं, हा प्रश्न लिहिताना मला रोज पडला.

आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या रेखाताई यांनी आग्रह केला म्हणून बसलो. त्या म्हणाल्या, "तू कॉलेजातला पोरगा हायस. गोळ्या कशा खाल्ल्या, काय तकलीफ झाली, एक पानभर लिहून दे. नव्या पेशंटला वाचून दाखविते." लिहायला बसलो तर गोळ्यांचं चार ओळींत संपलं. बाकी सगळं आईच्या फोनबद्दल निघालं. आईला वाचता येत नाही. तिला हे वाचून दाखवलं तेव्हा तिने दोन जागा गाळायला सांगितल्या. एक गाळली. दुसरी तशीच ठेवली आहे, त्याबद्दल तिचीही माफी.

कळलं तो दिवस

मी नांदेडला खोली करून राहत होतो. दिवाळीपासून खोकला होता. रस्त्याची धूळ असेल म्हणून खोकल्याच्या दोन बाटल्या संपवल्या. संध्याकाळी अंग गरम व्हायचं. पँट कमरेत ढिली झाली तेव्हा पट्ट्याला नवीन भोक पाडलं आणि ते पाडताना मला वाईट वाटलं नाही, उलट वाटलं की बरं, सुटलेलं पोट कमी झालं. संक्रांतीच्या दोन दिवस आधी खोलीतल्या मित्राने माझ्या रुमालाकडे बघितलं आणि चपला घातल्या. तोच मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला.

छातीचा फोटो निघाला, डबीत थुंकायला लावलं. तेव्हा मला इतका खोकला होता की डबी तोंडाजवळ नेताच भरली. कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

रिपोर्टच्या दिवशी बाबा गावाहून आले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता बाबांना सांगितलं, "टीबी आहे. पूर्ण बरा होतो. सहा महिने गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही. घरात लहान बाळ, म्हातारं कोणी आहे का?"

बाबा म्हणाले, "न्हाई. एक पोरगी हाय, ती सासरी हाय. पोटुशी हाय. पहिलं बाळंतपण हाय, सातव्यात आनायची हाय तिला."

"दोन महिने तरी तिला याच्याजवळ येऊ देऊ नका. दोन महिन्यांनी थुंकी तपासू. साफ आली तर आणा खुशाल."

बाबांनी मान हलवली. परतताना आम्ही वारंगा फाट्यावर बाळापूरची जीप धरायला उतरलो. बाबांनी टपरीवर चहा सांगितला. टपरीवाला काचेचे ग्लास विसळत होता. बाबा म्हणाले, "एक कागदाच्या कपात दे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऱ्हाऊ दे, दोन्ही बी कागदाच्याच दे."

त्या दिवसातलं मला हे एवढंच चांगलं आठवतं.

फोन

आईने ऐकलं आणि विचारलं, "तिकडं पोळ्या किती खात व्हतास?" मी म्हणालो, दोन. ती चुलीपुढे बसून राहिली. मग उठून तिने घरातल्या सगळ्यांना, म्हणजे मला आणि बाबांना, एकच गोष्ट बजावली. "वर्षीला कळू द्यायचं न्हाई."

वर्षाताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिचा नवरा चाकणला कंपनीत आहे, तिथे दोन खोल्यांत ती, दाजी आणि तिची सासू (ताई त्यांना आत्याबाई म्हणते) राहतात. मागच्या वर्षी तिला दिवस गेले होते, पण बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं. आता पाचवा लागला होता. आईचं म्हणणं असं की पोरगी धसका घेईल. आणि दुसरं असं की सासूला कळलं तर ती म्हणेल, टीबीच्या घरात आमची सून पाठवीत नाही, आणि ती गोष्ट तिच्या गोतात पोचेल. आईने हे दुसरं मला सांगितलं नव्हतं. बाबांना सांगताना मी ऐकलं.

ताईचा फोन रोज दुपारी एकच्या सुमाराला यायचा, सासू जेवून आडवी झाली की. आई मोबाइल स्पीकरवर टाकून निवडायच्या धान्याच्या पाटीशेजारी ठेवायची, कारण तिचे हात कधी रिकामे नसायचे. माझी बाज ओसरीच्या टोकाला, तिच्यापासून सात-आठ हातांवर. त्यामुळे मी दोन्हीकडचं सगळं ऐकायचो.

"जेवलीस का गं?"

"जेवले. तुमचं काय चालू हाय?"

"आमचं बराबर हाय. म्हशीनं सकाळी तुह्या बापाला लाथ मारली, बादली सांडली. मी म्हनलं, तिला बी कळतं कोनाला मारायची. कमलबाईनं सुनंला माहेरी धाडली, आता सोताच दारात बसून रडून राहिली. मी म्हनलं, धाडतानी काहून न्हाई रडलीस? रफीकभाईच्या गिरनीचा पट्टा तुटला, तीन दिस झाले दळन न्हाई. ज्वारी उकडून खाऊन राहिलो."

"अन् संदू?"

"कॉलेजात."

हे ती इतक्या सहज म्हणायची की पहिल्या दिवशी मलाच क्षणभर वाटलं, मी कॉलेजात आहे. मी पडून होतो, तोंडाला उपरणं बांधून. फोन चालू असेपर्यंत खोकायचं नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मी दाबून धरायचो. डोळ्यातून पाणी यायचं. आई फोनवर बोलता बोलता माझ्याकडे बघायची आणि जरा मोठ्याने बोलायला लागायची.

पाचव्या की सहाव्या दिवशी ते सुटलंच. चांगला मिनिटभर खोकलो.

"कोन खोकून राहिलं गं?" ताई म्हणाली.

आई म्हणाली, "तुहा बाप."

बाबा तेव्हा दारात दोर वळत होते. त्यांना उभ्या आयुष्यात कधी खोकला झालेला मी पाहिला नाही. ताईने त्यांना फोनवर बोलावलं आणि बिडीवरून असं धारेवर धरलं की बस. बाबांनी बिडी सोडून पाच वर्षं झाली होती. ते सगळं ऐकून घेत म्हणाले, "व्हय बाई. सोडतो. आजपासून सोडतो."

त्यानंतर फोन वाजला की बाबा जिथे असतील तिथून दोनदा खाकरायचे, म्हणजे मधेच मला खोकला आलाच तर तो त्यांच्या खात्यावर जावा. एकदा ते गोठ्यामागे होते, तिथून खाकरले. आई म्हणाली, "अवो, तिथून चाकनला ऐकू जात न्हाई. हिकडं येऊन खोका."

आम्ही तिघंही हसलो. मला हसताना पुन्हा खोकला आला.

दिवस कसे जात होते

सकाळी उपाशीपोटी गोळ्या. मग तासभर मळमळ. लघवी नारिंगी व्हायची. रेखाताईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही, पण रोज बघून कंटाळा यायचा. सांधे दुखायचे. पुस्तक उघडलं की अर्ध्या पानावर डोळा लागायचा. आजाराची भीती पहिल्या पंधरा दिवसांत संपली. नंतर राहिला तो थकवा, आणि त्याबद्दल कोणी काही सांगत नाही. सगळे म्हणतात हिंमत ठेव. हिंमत ठेवायलासुद्धा अंगात जोर लागतो.

माझं ताट, तांब्या, ग्लास वेगळे. रेखाताईंनी आईला सांगितलं, "काकू, ताटानं पसरत न्हाई हो हा. खोकल्यानं पसरतो. खोकताना तोंडावर फडकं ठेवलं, हवा खेळती ठेवली, बस झालं." आई व्हय व्हय म्हणाली आणि ताट वेगळंच ठेवलं. मला राग यायचा. रागात मी एकदा ते ताट अंगणात फेकलं. आईने उचललं, घासलं, पुन्हा त्याच जागी ठेवलं. मग मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही. (हीच ती गाळायला सांगितलेली जागा. ती म्हणाली, लोक म्हनतील मायनं पोराला येगळं वाढलं. मी म्हणालो, आई, ताट तर मी फेकलं होतं.)

दीड महिन्याने वजन तीन किलो वाढलं. खोकला जवळपास थांबला. शेतात हळद निघायला लागली. आमची दीड एकर असते. हळद शिजवायचा मोठा कुकर गावात आला तसा सगळीकडे तो उग्र गोड वास भरून राहिला. आईचा दुपारचा फोन शेतातून व्हायला लागला. मी घरी एकटा राहायचो आणि मला त्या फोनची आठवण यायची. ज्या बातम्यांत मी नसायचो, त्यांचीच आठवण यायची, हे विचित्र आहे पण खरं आहे.

डबी

दोन महिने झाले तेव्हा ताईला सातवा नुकताच लागला होता. रेखाताईंनी मला एक डबी आणून दिली आणि म्हणाल्या, "सकाळी उठल्या उठल्या यात थुंकी घे, अन् दवाखान्यात नेऊन दे."

सकाळी उठलो. खोकला नव्हता. खोकूनही काही येईना. मी तीनदा डबीत थुंकलो, झाकण लावलं, नाव लिहिलं आणि दवाखान्यात गेलो. खिडकीवर 'थुंकी तपासणी' असंच मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. गर्दी होती. डबी आत गेली. दुसऱ्या दिवशी कागद मिळाला. साफ.

आईने त्या दिवशी शेतातून येऊन अंघोळ केली, लुगडं बदललं आणि स्वतःहून ताईला फोन लावला. एरवी ती कधी लावत नसे.

"वर्षे, पाडवा झाला की तुहा बाप येतो तुला न्यायला. आत्याबाईला सांग. मी माघारच्या खोलीला पोतारा दिऊन ठेवते. आंबाडीची भाजी खायची म्हनून राहिली व्हतीस नं? वाळवून ठेवलीय."

ताई फोनवर रडली. आई म्हणाली, "आता रडायला काय झालं? म्हैस बी इतकी रडत न्हाई."

पुढचे बारा दिवस घरात जी धावपळ झाली ती मी कधी विसरणार नाही. मागची खोली सारवली. बाजेची सुंभं नवी विणली. आईने शेवया केल्या, त्या पत्र्यावर वाळत घालून ती स्वतः राखण करत बसायची. माझं वेगळं ताट इतर भांड्यांत गेलं, मला कळलंसुद्धा नाही कधी.

मग मी पुढच्या महिन्याच्या गोळ्या आणायला गेलो. खिडकीशी माझ्यापुढे एक म्हातारे बाबा होते. आतल्या माणसाने त्यांची डबी उजेडात धरून बघितली आणि परत दिली.

"बाबा, ही थुंकी हाय. थुंकी नको. बेडका पायजे. छातीतून खोकलून काढायचा, घट्ट पिवळा. हे नुसतं तोंडातलं पानी हाय, यात काहीच दिसत न्हाई. साफच येतं."

म्हातारे म्हणाले, "मंग तसं म्हना नं बापा. बेडका मनला असता तर बेडका आनला असता."

मी गोळ्या घेतल्या आणि बाहेर येऊन झाडाखाली उभा राहिलो. माझी डबी त्या दिवशी गर्दीत कोणी उजेडात धरली नसेल. पण दोष खिडकीचा नाही. मी वाचता येणारा माणूस. थुंकी लिहिलं होतं, मी थुंकी दिली.

चार दिवस

मी चार दिवस कोणाला सांगितलं नाही. हे लिहायला मला सगळ्यांत जड जातं, आणि खरं तर ज्यांच्यासाठी हे लिहितोय त्यांच्यासाठी हाच भाग कामाचा आहे.

मी स्वतःला काय काय सांगितलं ते लिहितो. खोकला नाही, वजन वाढलं, म्हणजे मी साफच असणार. कागदावर साफ लिहिलंय, कागद माझा नाही, सरकारी आहे. आईने शेवया केल्या. ताईने दोन वर्षांत माहेर पाहिलं नाही. बाबांनी पांढरं धोतर धुऊन ठेवलं. मी गप्प राहिलो तर कोणालाच कधी कळणार नाही.

आणि दुपारी, आई आता पुन्हा घरी असायची, फोनवर ताई विचारायची, "आई, तिथं मच्छर लई हायत का गं? बाळाला मच्छरदानी घेऊन येऊ का?"

चौथ्या दिवशी आई माझ्या बाजेशेजारी लसूण सोलत बसली होती. तिने बाळंतिणीला लागतो म्हणून लसणाचा ढीग केला होता. मी म्हणालो, "आई, माझी तपासणी चुकली."

तिला आधी समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं. थुंकी, बेडका, म्हातारे बाबा, सगळं. तिने लसणाची पाकळी हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"इतकं शिकलास, संदू. तुला थुंकी अन् बेडका येगळा हाय हे कळलं न्हाई व्हय?"

ती रागाने नाही बोलली. फार दमलेल्या माणसासारखी बोलली. मग तिने उरलेला लसूण सोलून संपवला. इतका लसूण आता कशाला लागणार होता, हे मला विचारायचा धीर झाला नाही.

सांगितलं

त्या दुपारी आईने फोन घेतला. नेहमीसारखं जेवलीस का, म्हैस, कमलबाईची सून परत आली ती अजून बोलत नाही. मग म्हणाली, "वर्षे, पाडव्याला यायचं जरा पुढं ढकलू. तुह्या बापाचा खोकला काही कमी व्हईना."

"आता? आत्याबाईनं पिशवी भरून ठेवलीय. त्या काय म्हनतील? बाबाला दवाखान्यात न्या नं."

"नेऊन राहिलो."

"बाबा, तुमी अजून बिडी ओढून राहिले का?"

बाबा उंबऱ्यात बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाजेवरून उठलो आणि पाटीजवळचा फोन उचलला.

"ताई, बाबा खोकत नव्हते. मी खोकत होतो."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"तू घरी हायस? कॉलेज?"

"संक्रांतीपासून घरी आहे. टीबी झालाय."

"म्हंजे मी रोज फोन लावून राहिले, अन् तू तिथंच पडून व्हतास? ऐकून राहिलतास?"

"हो."

मग म्हणाली, "आईला दे." आई जवळच होती, फोन स्पीकरवरच होता. ताई म्हणाली, "आई, तू मला म्हशीनं लाथ मारली ते सांगितलंस. गिरनीचा पट्टा तुटला ते सांगितलंस." आणि फोन ठेवला.

साचलेल्या बातम्या

नऊ दिवस तिचा फोन आला नाही. आई लावायची, वाजून बंद व्हायचा. दाजी एकदा बोलले, "ठीक हाय ती, जेवून राहिली, थोडा टाइम द्या."

त्या नऊ दिवसांत आईजवळ बातम्या साचत गेल्या. ती दुपारी एकला मोबाइल पाटीजवळ ठेवून बसायची. कमलबाईची सून अखेर सासूशी बोलली, तेही मिठावरून. म्हशीला रेडकू झालं. हळदीला ह्या साली रंग चांगला उतरला. ती हे मला सांगायची नाही, बाबांनाही नाही. एकदा मी ऐकलं, ती रेडकाला पाजताना हळू आवाजात सांगत होती, "तुही वर्षी मावशी असती फोनवर तर हसली असती."

मधल्या काळात माझी दुसरी तपासणी चालली होती. पहिल्या सकाळी काहीच निघालं नाही. दुसऱ्या सकाळी जे निघालं ते परत आलं, खिडकीतला माणूस म्हणाला, अजून आतून. मग सुट्ट्या आल्या. मग आईने हातात घेतलं. गरम पाण्याची वाफ दिली, मिठाचं पाणी दिलं, मला पालथं वाकवून पाठीवर थापट्या मारल्या, वर बाबांना म्हणाली, "तुमी बी खोका जरा, त्याला सोबत व्हईल." तासाभराने जे आलं ते तिने स्वतः डबीत बघितलं, मान डोलावली आणि म्हणाली, "ह्याला म्हनत्यात बेडका."

दहाव्या दिवशी दुपारी फोन आला.

"आई, म्हैस कशी हाय?"

आईने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "रेडकू झालं." मग पंधरा मिनिटं ती थांबली नाही. शेवटी ताई म्हणाली, "संदूचं सांग." आईने माझी वाफ, मीठ, थापट्या सगळं सांगितलं. ताई हसली की काय ते नीट कळलं नाही.

मग फोन तिच्या सासूने घेतला. आई उभी राहिली, जणू त्या समोरच आल्या.

"इहीनबाई, वर्षानं सांगितलं सगळं. अवो, आमच्या मालकाला बी झालता तो, ह्या पोरांच्या लग्नाच्या आदल्या साली. आमी तुमाला सांगितलं न्हाई. त्याच्यात काय लपवायचं? पोरगं गोळ्या खाऊन राहिलं नं?"

आई म्हणाली, "व्हय."

"मंग झालं तर. पन आता उद्या आठवा लागतो. आठव्यात आमच्याकडं पाठवीत न्हाईत. ते काही व्हनार न्हाई."

माझा कागद त्यानंतर तीन दिवसांनी आला. साफ. या वेळी खरा साफ. म्हणजे कदाचित पहिल्या वेळीही मी साफ असेन आणि ताई पाडव्याला येऊन आतापर्यंत मागच्या खोलीत झोपलेली असती. कदाचित नसेन. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "आता कोन सांगनार? डबी तर फेकून दिली असंल."

चाकणला आई

नवव्यात इतका लांबचा प्रवास नको, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा आईच जाईल असं ठरलं. नांदेडच्या पुढे ती कधी गेली नव्हती. पण ती जायच्या आधीच, ठरल्या वेळेच्या आठ दिवस अगोदर, दाजींचा फोन आला. ताईचं बीपी वाढलं, भरती केलंय. आई शेवयांचा डबा आणि ती वाळलेली आंबाडी घेऊन बाबांबरोबर गेली. बाबा तिला सोडून लगेच परत आले, कारण म्हैस आणि मी.

आता दुपारी एकला फोन मला यायला लागला. मी पाटीजवळ बसून घ्यायचो.

"जेवलास का रे?"

"जेवलो. ताई?"

"बराबर हाय. हितं दुधाला पिशवी हाय, कापून वततेत. इहीनबाई चांगल्या हायत, पन भाजीत गूळ घालतेत. नळाला सकाळी एकच घंटा पानी."

ती बोलत राहायची आणि मी ऐकत नव्हतो. मी त्या बातम्यांच्या मधल्या जागा ऐकत होतो. मागे कोण बोलतंय, कोणी रडतंय का, ती कधी जरा मोठ्याने बोलायला लागते. कारण बराबर हाय म्हणताना आई काय काय गाळू शकते, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तिसऱ्या दिवशी मी तिला मधेच थांबवलं.

"आई, मी कॉलेजात आहे असं तू ताईला सांगायचीस. तसं मला काही सांगून राहिलीस का?"

मग म्हणाली, "न्हाई रे. उद्या पोट चिरून काढायचं म्हनून राहिलेत. मला सांगायचं व्हतं, पन तू जेवला नव्हतास."

"मी जेवलो म्हणालो की."

"तू खरं सांगतूस का खोटं, मला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी फोन दुपारी नाही, सकाळीच आला. तिने जेवलास का विचारलं नाही.

"पोरगी झाली. वजन कमी हाय, दोन किलोला बी कमी भरली. काचंच्या पेटीत ठेवलीय, नाकाला नळी हाय. वर्षीला शुद्ध हाय, पन रडून राहिली. डाक्टर म्हनले, चार दिस काही सांगता येत न्हाई. हे सगळं हाय. याच्यातलं मी काहीच ठेवलं न्हाई."

मी विचारलं, "माझ्यामुळं?"

"डाक्टरला इचारलं मी तेच. न्हाई म्हनले. बीपीनं."

ते चार दिवस तिने दोन्ही वेळा फोन केला. दर वेळी तेच, जसं असेल तसं. आज नळी आहे. आज दूध दोन चमचे घेतलं, एक उलटलं. आज कावीळ वाटते म्हणाले, निळ्या दिव्याखाली ठेवलं. आज ताई उठून बसली, पेटीपर्यंत चालत गेली. मी ऐकलेलं बाबांना गोठ्यात जाऊन सांगायचो. ते रेडकाच्या गळ्यातला दोर उगाच सैल करायचे, पुन्हा बांधायचे. माझ्या गोळ्यांना त्या चार दिवसांत एकदाही उशीर झाला नाही, कारण ती रोज सकाळी आधी तेच विचारायची.

पाचव्या दिवशी मी गोळी घेऊन बसलो होतो तेव्हा फोन आला. पाठीमागे बारीक, खरखरीत रडण्याचा आवाज होता, आणि त्यावरून आईचा.

"नळी काढली. पेटीतून भाईर काढली. वर्षीच्या अंगावर दिली आता, पिऊन राहिली."